हायड्रॉलिक तेल गाळायची ट्रॉली: नव्या तेलासाठी घ्या, जुन्याच्या भरवशावर नको

फिल्टर ट्रॉली विकणारा एकच वाक्य पुढे करतो: तेल बदलायचा खर्च वाचेल. त्या वाक्यावर भुलून घेतलेली ट्रॉली थोड्याच दिवसांत वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडते, कारण मेलेलं तेल तिच्यातून कितीही वेळा फिरवलं तरी जिवंत होत नाही. पण हीच ट्रॉली नवं तेल बॅरलमधून टाकीत भरायला वापरली, तर वर्कशॉपमधल्या इतर कुठल्याही अवजारापेक्षा पंपाचं आयुष्य जास्त सांभाळते. हा परीक्षणाचा निकाल आधीच सांगून टाकला. आता तपशील.

इथे बघतोय ती नेहमीची मधल्या आकाराची मांडणी. मिनिटाला १६ लिटर ओढणारा गिअर पंप, पाऊण किलोवॅटची मोटर, सक्शनला धातूची जाळी, पुढे ओळीने दोन फिल्टर. पहिला पाणी शोषणारा, दुसरा ३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काचतंतूंचा. दोन होज, एक प्रेशर गेज, खाली तेल सांडू नये म्हणून ट्रे. ज्या मशीनच्या हिशोबाने बोलतोय ते २० टनी पोकलेन: टाकीत साधारण १३५ लिटर तेल आणि पाईप, सिलिंडर, मोटर धरून अख्ख्या सिस्टिममध्ये साधारण २४० लिटर. नेमके आकडे ज्याच्या त्याच्या मशीनच्या पुस्तकातून घ्यावेत, पण हे प्रमाण ध्यानात ठेवा, कारण पुढचा बराच हिशोब त्यावरच चालतो.

सील न तोडलेलं बॅरल म्हणजे स्वच्छ तेल, हा समज सगळ्यात महाग पडतो. तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ च्या तीन आकड्यांनी मोजतात: एका मिलिलिटरमध्ये ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती, त्याचा तो कोड. कोड एकने वाढला की कण दुप्पट. ३५० बारच्या आसपास चालणाऱ्या पिस्टन पंपाला १८/१६/१३ किंवा त्याहून स्वच्छ तेल हवं, आणि बॅरलमधलं नवं तेल २१/१९/१६ निघालं तर नवल नाही. पहिल्याच आकड्यात तीन पायऱ्यांचा फरक, म्हणजे आठपट कण. १८ म्हणजे मिलिलिटरला १३०० ते २५०० कण, तर २१ म्हणजे १०,००० ते २०,०००. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. माणसाला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचा कण दिसतच नाही, आणि व्हॉल्व्हचा स्पूल (आत सरकणारा दांडा) व त्याच्या बोअरमधली फट काही मायक्रॉनचीच असते. त्यामुळे बाटली उजेडात धरून 'काचेसारखं आहे' म्हणणाऱ्याने फक्त रंग बघितलेला असतो.

त्यात बॅरल उघड्यावर उभं ठेवलं असेल तर आणखी भर. वरच्या कडेच्या आत पावसाचं पाणी साचतं, दिवसा तापून रात्री थंड होताना बॅरल श्वास घेतं आणि बुचाच्या आट्यांमधून ते पाणी आत ओढतं. बॅरल आडवं ठेवावं, दोन्ही बुचं घड्याळाच्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं, म्हणजे बुचं आतून तेलाखाली राहतात आणि हवा ओढली जात नाही. जागाच नसेल तर निदान तिरकं करून वर झाकण टाकावं.

आता ट्रॉलीच्या फिल्टरकडे. खोक्यावर '३ मायक्रॉन' छापलंय यावर काहीही ठरत नाही. विचारायचा प्रश्न असा: ३ मायक्रॉनला बीटा किती? बीटा म्हणजे त्या मापाचे कण फिल्टरच्या आधी किती आणि नंतर किती, यांचं गुणोत्तर. बीटा २ म्हणजे त्या मापाचे निम्मे कण अडतात, निम्मे पुढे जातात. ७५ ला ९८.७ टक्के अडतात, २०० ला ९९.५ आणि १००० ला ९९.९. बीटा २ वाला आणि बीटा १००० वाला, दोन्ही '३ मायक्रॉन' म्हणूनच विकले जातात. बीटाचा आकडा देता येत नसेल तर तो फिल्टर दुसऱ्या टप्प्यासाठी घेऊ नये. कागदी एलिमेंटही (फिल्टरच्या आतला बदलायचा भाग) इथे नको, पाणी लागलं की फुगतो आणि फाटतो.

या ट्रॉलीची खरी खोट बायपासमध्ये आहे. फिल्टर तुंबला किंवा तेल थंडीने घट्ट झालं की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल न गाळता पुढे जातं. आवाज बदलत नाही, धार बदलत नाही, मोटर मजेत चालते. माणूस तासभर उभा राहून घाण तेल घाणच भरत असतो. थंडीचा परिणाम किती, ते बघा: व्हीजी हा तेलाच्या घट्टपणाचा दर्जा, सेंटिस्टोक्स हे त्याचं माप; व्हीजी ४६ तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक्स असतं, ते १० अंशांना सुमारे २६० होतं. व्हीजी ६८ तर ४४० च्या घरात जातं. सहापट घट्ट तेल ३ मायक्रॉनमधून ढकलायचं म्हणजे कोरा एलिमेंटसुद्धा बायपासला जाऊ शकतो. म्हणून ट्रॉलीवर साधा गेज पुरत नाही, फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबातला फरक दाखवणारा गेज हवा आणि बायपास किती फरकाला उघडतो तो आकडा त्याच्या काचेवर लाल रेघेने आखलेला हवा. या मांडणीत एकच गेज आहे, तोही फिल्टरच्या आधी, आणि हिरवा-लाल पट्टा नाही. तो स्वतः आखून घ्यावा लागतो. स्वस्तात बसवता येणारी गोष्ट उत्पादकाने का टाळली, हे कळत नाही. थंड सकाळी बॅरल आदल्या दिवसापासून आत आणून ठेवावं. ड्रम हीटर वापरलात तर कमी वॅटचा, पट्ट्याचा. खालून ज्योत लावणं म्हणजे तेलही जाळणं आणि आगही ओढवणं.

जुनं तेल मशीनवरच गाळायचं असेल तर वेळेचा हिशोब साधा आहे. १३५ लिटरची टाकी, मिनिटाला १६ लिटर, म्हणजे साडेआठ मिनिटांत एक फेरी. पण एका फेरीत सगळं तेल फिल्टरमधून जात नाही, गाळलेलं आणि न गाळलेलं टाकीतच मिसळत राहतं. एका फेरीनंतर साधारण ३७ टक्के तेल अजून फिल्टरला शिवलेलंही नसतं. सात फेऱ्यांनंतर ते हजारात एक भाग उरतं. सात फेऱ्या म्हणजे तासभर. 'वीस मिनिटं लावून बघू' यात हातात काही येत नाही. ओढायचं तळातून आणि सोडायचं टाकीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही होज शेजारी शेजारी खुपसले तर तेच तेल गोल फिरतं आणि कोपरे तसेच राहतात.

आणि हे झालं फक्त टाकीचं. उरलेलं १०५ लिटर सिलिंडर, होज, स्विंग मोटर, ट्रॅव्हल मोटर यांत बसलंय, ते मशीन चालवल्याशिवाय टाकीत येत नाही. टाकी स्वच्छ केली, मशीन चालवून तेल मिसळलं, की मूळ घाणीतली ४४ टक्के परत समोर. दुसऱ्या वेळी १९, तिसऱ्या वेळी ८. तेल बदलतानाही हाच गुणाकार लागू होतो. टाकी रिकामी करून नवं भरलं की 'तेल बदललं' असं म्हणतात खरं, पण आत ४४ टक्के जुनंच फिरत असतं. पंप फुटून धातूचा चुरा सगळीकडे गेला असेल तर टाकी बदलून भागत नाही. सिलिंडर, कूलर, होज सोडवून धुवावे लागतात, आणि ऑईल कूलरच्या बारीक नळ्यांत अडकलेला चुरा नव्या पंपाचाही बळी घेतो.

ट्रॉलीला जे जमत नाही ते आता. ती कण काढते, थोडं पाणी काढते. ऑक्सिडेशनने झालेलं आम्ल काढत नाही, झिजलेली व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, परत आणत नाही, संपलेलं झिंकचं अँटीवेअर अॅडिटिव्ह भरून देत नाही. ६० अंशांच्या वर दर १० अंशांना तेल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, हा मेकॅनिकच्या हाताशी ठेवायचा आकडा. कूलरची जाळी मातीने बंद असलेलं मशीन ९० अंशांवर चालत असेल तर तेल गाळून काय होणार? आधी कूलर धुवा, बाहेरून आत नाही, पंख्याच्या बाजूने बाहेर. तेल ठेवायचं की टाकायचं हे प्रयोगशाळेच्या अहवालावर ठरवावं: ४० अंशांची व्हिस्कॉसिटी नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त सरकली, आम्लांक (तेलातल्या आम्लाचं माप) नव्या तेलापेक्षा ठळक चढला, किंवा जळकट आंबूस वास आणि व्हॉल्व्हवर मेणचट तपकिरी थर दिसला, की ट्रॉली बाजूला ठेवून तेल बदलायचं.

अहवालाची किंमत नमुन्यावर असते. नमुना ड्रेन प्लगमधून काढला तर तळाचा गाळ येतो आणि अहवाल उगाच घाबरवतो. मशीन अर्धा तास चालवून, तेल गरम असताना, रिटर्न लाईनच्या (तेल टाकीत परत आणणाऱ्या पाईपच्या) नमुना-नळीतून, पहिली धार टाकून देऊन घ्यावा. अहवालात सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम दोन्ही चढलेले असले तर बाहेरची धूळ आत येतेय, म्हणजे ब्रीदर (टाकीची हवा आत-बाहेर जायची वाट) किंवा सिलिंडरचे वायपर सील (दांड्यावरची धूळ पुसणारे) बघा. सिलिकॉन एकटंच चढलं तर कुणीतरी सीलंट फासलेलं असू शकतं. शिवाय नेहमीची धातूंची तपासणी ५ ते ८ मायक्रॉनवरचा चुरा नीट मोजत नाही, त्यामुळे लोखंडाचा आकडा ठीक दिसतोय म्हणून पंप ठीक, असं नाही. त्यासाठी काढलेला रिटर्न फिल्टर कापून घड्या उघडून बघणं हाच खात्रीचा उपाय. पिवळसर कांस्याच्या पापुद्र्या दिसल्या तर पिस्टनचे शूज किंवा व्हॉल्व्ह प्लेट झिजतेय. काळे रबरी तुकडे सिलिंडरच्या सीलचे. चमकदार स्टीलच्या सुया दिसल्या की मशीन उभं करा.

पाणी शोषणाऱ्या फिल्टरबद्दल विकणारे फार बोलतात, म्हणून हिशोब मांडून बघू. २४० लिटरमध्ये ०.१ टक्का पाणी म्हणजे २४० मिलिलिटर. एवढं एक चांगला एलिमेंट पिऊन घेऊ शकतो. एक टक्का म्हणजे २.४ लिटर. तिथे एलिमेंटवर एलिमेंट बदलत बसण्यापेक्षा तेल टाकून द्यावं, किंवा मोठा साठा असेल तर व्हॅक्यूम डिहायड्रेशन (निर्वातात तेलातलं पाणी उडवणं) करून घ्यावं. तेल दुधाळ दिसतंय म्हणजे पाणी विरघळण्याच्या हद्दीपलीकडे केव्हाच गेलंय. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर, सुमारे १५० अंशांना, एक थेंब सोडा: तडतडला, बुडबुडे आले की पाणी आहे. चष्मा घालून, मान मागे ठेवून. एक बारकी गोष्ट: काही मशीनमध्ये हायड्रॉलिकला १०डब्ल्यू इंजिन ऑईल चालतं. त्यातलं डिटर्जंट पाणी घट्ट धरून ठेवतं, सुटं होऊ देत नाही. तिथे हा एलिमेंट जवळपास बसून राहतो.

प्रत्यक्ष तेल बदलताना ट्रॉली कशी वागते, हा भाग जास्त कामाचा.

मशीन सपाट जागेवर, तेल ४५-५० अंशांना असताना. त्याहून गरम नको, हात भाजतो. थंड तर अजिबात नको, गाळ तळाला चिकटून राहतो. बूम, आर्म, बकेट पुस्तकात दाखवलेल्या पवित्र्यात. तेलाची पातळीही त्याच पवित्र्यात बघायची असते, कारण सिलिंडर बाहेर असताना टाकी भरून घेतली की सिलिंडर आत आल्यावर तेल ब्रीदरमधून ओकलं जातं. इंजिन बंद केल्यावर लगेच किल्ली ऑनवर, सेफ्टी लिव्हर मोकळं, आणि दोन्ही जॉयस्टिक चारही दिशांना पूर्ण दोन-तीनदा फिरवा. लगेच अशासाठी की पायलट अॅक्युम्युलेटरमध्ये (जॉयस्टिकच्या कंट्रोल लाईनचा दाब साठवणाऱ्या भांड्यात) दाब थोडाच वेळ टिकतो, आणि तो संपला की लिव्हर हलवून काही सुटत नाही. मग ब्रीदरचं बटण दाबून टाकीतली हवा सोडा. ही पायरी चुकवून रिटर्न फिल्टरचं झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर स्प्रिंगसकट झाकण येतं.

टाकी उपसायला ट्रॉलीचा पंप वापरायचा मोह होतो. वापरा, पण फिल्टर वळसा घालून. या मांडणीत त्यासाठी तीनमार्गी व्हॉल्व्ह नाही, आणि ही दुसरी मोठी खोट. जुना गाळ ३ मायक्रॉनमधून उपसला तर महाग एलिमेंट एका कामातच तुंबतो. त्यामुळे जुनं तेल ड्रेन प्लगमधूनच भांड्यात सोडावं आणि शेवटचा तळाचा गाळ फडक्याने पुसून घ्यावा. फडकं धागे न सुटणारं. कॉटन वेस्ट टाकीत घालू नका, त्याचा एक धागा स्ट्रेनरवर जाऊन बसतो, दहा बसले की पंप कण्हायला लागतो. सक्शन स्ट्रेनर काढून धुवा, जाळीला चीर असेल तर नवा घाला. रिटर्न, पायलट आणि केस ड्रेन असे तिन्ही एलिमेंट बदला. केस ड्रेनचा, म्हणजे पंपाच्या केसमध्ये झिरपलेलं तेल टाकीत नेणाऱ्या लाईनचा, सगळेच विसरतात. तो तुंबला की पंपाच्या केसमध्ये दाब चढतो आणि शाफ्ट सील बाहेर फेकला जातो, मग दोष सीलच्या कंपनीला. सगळ्या ओ-रिंग नव्या, तेल लावून बसवलेल्या. ब्रीदरचा एलिमेंटही याच वेळी बदलावा. तेल कितीही गाळून भरा, सिलिंडर प्रत्येक वेळी बाहेर गेला की टाकी त्याच ब्रीदरमधून बाहेरची धूळ ओढते.

भरताना बॅरलचं बूच आणि भोवताल आधी पुसून घ्या. सक्शनची नळी बॅरलच्या तळापासून पाच सेंटिमीटर वर धरा, खालचा गाळ-पाणी तिथेच राहू द्या. होज आणि दोन्ही हाउसिंगमध्ये आधीच्या कामाचं दोन-चार लिटर तेल असतं, पहिले काही लिटर वेगळ्या डब्यात सोडून द्या. याचसाठी एक ट्रॉली एकाच जातीच्या तेलाला हवी. झिंक असलेलं आणि झिंक नसलेलं एकत्र आलं तर अॅडिटिव्ह एकमेकांशी भांडून चिकट साका तयार होऊ शकतो आणि तो फिल्टरमध्येच जाऊन बसतो. नरसाळं, पत्र्याचा डबा, बादली यांना या कामात जागा नाही. या ट्रॉलीचे क्विक कपलर चांगले घट्ट बसतात, धूळटोप्याही साखळीने बांधलेल्या आहेत, म्हणजे हरवत नाहीत. हे तिचं खरं बलस्थान.

टाकी भरली म्हणून किल्ली मारायची नाही. पंपाचं केस रिकामं असतं. पुस्तकात दाखवलेल्या केस ड्रेन पोर्टमधून ते तेलाने भरा किंवा एअर ब्लीडर सैल करून बुडबुड्याविना तेल येईपर्यंत थांबा. कोरड्या पिस्टनवर चाललेला पंप खराब व्हायला अर्धा मिनिट पुरतो. मग इंजिन लो आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, दहा मिनिटं. प्रत्येक सिलिंडर चार-पाच वेळा बाहेर-आत, पण टोकाच्या १०० मिलिमीटर आधी थांबवून. आत अडकलेली हवा टोकाला एकदम दाबली गेली तर ती डिझेलसारखी पेटते आणि सील जाळते. हवा निघाल्यावर टोकापर्यंत तीन-चार वेळा, मग पूर्ण वेगात. स्विंग आणि ट्रॅव्हलही फिरवा. पंप गारगोट्या घुसळल्यासारखा वाजत असेल आणि साईट ग्लासमध्ये फेस असेल तर सक्शनला कुठेतरी हवा शिरतेय, बहुधा स्ट्रेनरच्या ओ-रिंगला किंवा क्लॅम्पला. फेस नसून तसाच आवाज असेल तर तेल घट्ट आहे किंवा स्ट्रेनर बंद आहे. गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत जातं, जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि बोट जायची वेळ येते. असं झालं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल, आणि डॉक्टरांना 'दाबाखालचं तेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगायचं.

ब्रेकर (बकेटच्या जागी लावायचा दगड फोडणारा हातोडा) लावलेल्या मशीनला ही ट्रॉली सगळ्यात जास्त उपयोगी. ब्रेकर तेल तापवतो, छिन्नीच्या बाजूने धूळ आत घेतो आणि सील खातो. बकेटच्या कामाला तेल ५००० तास आणि रिटर्न फिल्टर १००० तास सांगणारी पुस्तकं सतत ब्रेकर चालत असेल तर तेलाची मुदत ६०० तासांच्या आसपास आणि फिल्टरची १०० वर आणतात. अशा मशीनला दर फिल्टर बदलीला तासभर ट्रॉली लावावी. पुस्तकातली तेलाची मुदत मात्र ट्रॉलीच्या भरवशावर वाढवू नये, अहवाल हातात असेल तरच.

घेणार असाल तर मागण्या या: दाबातला फरक दाखवणारा गेज, फिल्टर वळसा द्यायचा तीनमार्गी व्हॉल्व्ह, नमुना-नळी, आणि सक्शन होज तार घातलेला पारदर्शक, म्हणजे हवा ओढतोय का ते दिसतं. कणमोजणी यंत्र जोडलेली ट्रॉली मिळते, पण एक-दोन मशीनवाल्याला ती लागत नाही, बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवलेली बरी. पंप मिनिटाला ४० लिटरचा घेण्यापेक्षा १६ लिटरचा आणि फिल्टर मोठा घ्या. छोट्या एलिमेंटमधून जास्त वेगाने ढकललेलं तेल बायपासनेच जातं. थ्री फेज मोटर असेल तर प्रत्येक नव्या जोडणीला आधी फिरण्याची दिशा बघा, उलटा फिरलेला पंप बॅरलमध्ये टाकीचं तेल ओततो. आणि एलिमेंट पुढे दोन-तीन वर्षं मिळत राहील का, हे घेतानाच विचारा. हाउसिंग एकाच कंपनीच्या आट्यांचं असेल तर एलिमेंट संपला की ट्रॉली भंगारात.

काढलेलं जुनं तेल झाकणाच्या वेगळ्या बॅरलमध्ये, वर 'जुनं' असं लिहून, अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्यायचं. ट्रॉलीच्या ट्रेमध्ये साचलेलंही त्यातच ओता, टाकीत परत नाही.